मायटर सॉवर ४५ अंश लावूनही चौथा कोपरा उघडाच राहतो तेव्हा

चौकटीचे तीन कोपरे झकास बसतात आणि चौथा तोंड वासून राहतो. भुसा आणि ग्लू कालवून ती फट बुजवता येते, पण पॉलिशचा हात फिरला की बुजवलेली जागा फटीपेक्षा जास्त उठून दिसते. मायटर सॉ (ठरवलेल्या कोनात लाकूड कापणारी, वरून खाली येणाऱ्या गोल पात्याची मशीन) वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतं. मी तर ओळीने चार रविवार फेन्सचे, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून कापतो त्या मागच्या उभ्या आधाराचे, बोल्ट सोडले आणि आवळले. गुण्या लावला की सगळं बरोबर दिसायचं, दोन चौकटी बऱ्या निघायच्या आणि तिसरीला परत फट.

चूक फेन्समध्ये नव्हतीच. म्हणून इथला क्रम मी मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी लाकूड तपासा, मग आपले हात, आणि पाना सगळ्यात शेवटी उचला.

चूक किती, फट केवढी

चार बाजूंच्या चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक काप फक्त अर्धा अंश चुकला तर एका सांध्यात एक अंश आणि चारही सांध्यांत मिळून चार अंश. तुम्ही तीन कोपरे दाबून बसवता तेव्हा ती सगळी चूक चौथ्याच्या माथी येते. पट्टी ७५ मिलिमीटर रुंद असेल तर तिरका काप साधारण १०६ मिलिमीटर लांब होतो. अर्ध्या अंशाने एका तुकड्यात जेमतेम ०.९ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे एका सांध्यात जवळपास दोन मिलिमीटर. चारही कोपऱ्यांची चूक एकाच ठिकाणी साठली तर सात मिलिमीटरच्या वर, चांगली दोन सुतांहून जास्त. त्यामुळे मशीनच्या कोनपट्टीवर डोळ्याने ‘४५ वर आहे की’ म्हणणं चौकटीच्या कामात चालत नाही. त्या पट्टीवरची रेघच पाव अंशाएवढी जाड असते.

फट काय सांगते

ग्लू न लावता चारही तुकडे सपाट फळीवर मांडा आणि दाबून न बसवता नुसते एकमेकांना टेकवा. मग फटीकडे नीट बघा.

चारही कोपरे एकाच पद्धतीने उघडत असतील तर कोनाची चूक आहे. बाहेरची टोकं मिटलेली आणि आतली बाजू उघडी असेल तर काप ४५ पेक्षा जास्त झालाय. आतली बाजू टेकलेली आणि बाहेरचं टोक उघडं असेल तर कमी झालाय. एखाददुसराच कोपरा उघडत असेल, बाकीचे ठीक असतील, तर आधी लांबीवर संशय घ्या. आणि वरून सांधा बंद दिसतोय पण चौकट उलटी केली की मागून फट आहे (किंवा याच्या उलट), तर पातं टेबलाला काटकोनात नाही, नाहीतर लाकूड टेबलावर सपाट बसलेलं नव्हतं.

या पाच मिनिटांच्या पाहणीने माझे चार रविवार वाचले असते.

समोरासमोरच्या बाजूंची लांबी

सर्वात सोपी गोष्ट आणि सर्वात जास्त वेळा हीच निघते. समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या धरा, एक टोक सपाट पृष्ठभागावर टेकवा आणि दुसऱ्या टोकावरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला लगेच कळते. पायरी लागली तर कोन कितीही अचूक असो, चौकट बंद होणार नाही.

टेपने मोजून, पेन्सिलने खूण करून दोन तुकडे सारखे कापता येतात हा भ्रम सोडून द्या. फेन्सला एक ठोकळा क्लॅम्प करा, पट्टीचं टोक त्याला टेकवा आणि जोडीतले दोन्ही तुकडे एकापाठोपाठ कापा. ठोकळ्याची खालची कड रंध्याने किंवा पॉलिश पेपरने थोडी मारून ठेवा, म्हणजे भुसा त्या खाचेत जाईल, पट्टी आणि ठोकळ्याच्या मध्ये अडकणार नाही. चिमूटभर भुसाही अर्धा मिलिमीटर खातो.

ठोकळा नेहमी आपण धरलेल्या तुकड्याच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला, म्हणजे कापून सुटणाऱ्या तुकड्यामागे, कधीही ठोकळा लावू नका. सुटलेला तुकडा पातं आणि ठोकळा यांच्यात अडकतो, पिळतो आणि पातं त्याला भिरकावतं. दोन्हीकडे ठोकळे लावून ‘फटाफट कापू’ ही कल्पना दिसायला हुशारीची आहे, पण ती मनातून काढून टाका.

लाकूड कापताना सरकतं

माझ्या चौथ्या कोपऱ्याचं गौडबंगाल इथे होतं.

मायटर सॉच्या पात्याचे खालचे दात मागे, फेन्सच्या दिशेने धावतात. ० अंशावर कापताना ते लाकूड सरळ फेन्सवर दाबतात, त्यामुळे ते जागच्या जागी राहतं. ४५ वर मात्र तोच जोर तिरका लागतो. मागे जायला फेन्स वाट देत नाही, मग लाकूड फेन्सला लागून बाजूला घसरायला बघतं: हँडल उजवीकडे फिरवलं असेल तर डावीकडे, डावीकडे असेल तर उजवीकडे. आपला हात त्याला धरून ठेवतो, पण पूर्णपणे नाही. काप सुरू असताना कणभर जरी सरकलं तरी कापाची रेघ वाकते. मशीन अचूक, कोन अचूक, तुकडा चुकीचा.

खात्री अशी करा. फेन्सवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. पट्टी फेन्सला टेकवून एका टोकदार पेन्सिलने पट्टीवरून चिकटपट्टीवर अशी एक सलग उभी रेघ ओढा. नेहमीसारखं हाताने धरून ४५ वर कापा, पातं पूर्ण थांबू द्या आणि लाकूड न हलवता रेघ बघा. माझी रेघ तुटली होती, पेन्सिलच्या रेघेच्या निम्म्या जाडीएवढीच, पण तुटली होती. मग तीच पट्टी क्लॅम्पने आवळून कापली. रेघ सलग राहिली आणि सांधा मिटला. दोन चौकटी बऱ्या निघायच्या त्या मी ताजातवाना असताना कापलेल्या होत्या. तिसरीपर्यंत पकड सैल व्हायची, एवढंच.

उपाय फार महाग नाहीत. मशीनसोबत आलेला उभा क्लॅम्प बहुतेकांकडे कुठेतरी खोक्यात पडलेला असतो, तो काढा. फेन्सच्या दोन्ही भागांवर मागून चिकट असलेला १८० नंबरचा पॉलिश पेपर लावा. दोन्हीकडे एकाच जाडीचा हवा, नाहीतर नवीनच चूक उभी राहील. आणि हँडल खाली आणताना घाई नको. पातं पूर्ण वेगात आल्यावर मगच लाकडाला टेकवा, सुरुवात हळू करा.

लांब पट्टीचं दुसरं टोक टेबलाबाहेर लोंबत असेल तर तेही बघा. टोक खाली झुकलं की पात्याजवळचा भाग टेबलावरून उचलला जातो. काप तिरका होतो आणि अर्ध्यात आल्यावर लाकूड पात्याला चावतं. टेबलाच्याच उंचीचा एक टेकू दोन्ही बाजूंना हवा. दुसऱ्या माणसाला ‘जरा धर रे’ म्हणून उभं करू नका. तो चांगल्या मनाने थोडंसं उचलतो, आणि तेवढं उचलणं पुरेसं असतं.

लाकडाला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सला लावा. पोकळ बाजू फेन्सकडे गेली तर नेमकं कापाच्या जागी मागे काही टेकायला नसतं, लाकूड मिटतं आणि पातं आवळलं जातं. पिळलेली, टेबलावर डगमगणारी पट्टी मायटर सॉवर घेऊच नका. आधी रंधा मारून सपाट करा.

आता मशीन: एक फळी, एक पलटी

वरचं सगळं तपासूनही चारही कोपरे सारखेच उघडत असतील तर मशीनकडे वळा. गुण्या आणण्याआधी एक चाचणी करा, कारण गुण्याही पडलेला, वाकलेला असू शकतो.

साधारण १०० मिलिमीटर रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली सपाट फळी घ्या. वरच्या बाजूला पेन्सिलने मोठी फुली मारा आणि ० अंशावर फुलीच्या मधोमध कापा. आता एक तुकडा लांबीच्या अक्षावर पलटा, म्हणजे त्याची अर्धी फुली खाली जाईल. दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कापलेली टोकं एकमेकांना भिडवा. काहीच फट नाही? मशीन काटकोनात आहे, बोल्टांना हात लावू नका. फट पुढे किंवा मागे (तुमच्याकडे किंवा फेन्सकडे) रुंदावत असेल तर पातं आणि फेन्स यांचा कोन चुकलाय. फट फक्त वर किंवा फक्त खाली दिसत असेल तर पातं टेबलाला उभं नाही.

या चाचणीची खुबी अशी की दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. १०० मिलिमीटरच्या फळीत एका टोकाला तीन कागद सरकत असतील तर खरी चूक ०.१ अंशाच्या आसपास आहे. चौकटीसाठी मी यापेक्षा जास्त सोडत नाही. शेडच्या वाशांसाठी मात्र याच्या कितीतरी पट चालेल. उगाच वेळ घालवू नका.

सेटिंग, आणि आवळताना होणारी गंमत

आधी प्लग काढा. स्विच बंद असणं पुरत नाही, प्लग भिंतीतून बाहेर आणि डोळ्यांसमोर. हेड, म्हणजे पातं आणि मोटर असलेला वरचा भाग, खाली करून पिनने अडकवा.

पहिलं काम फेन्सचं. तिचे दोन भाग एका सरळ रेषेत आहेत का, हे लोखंडी पट्टी दोघांवर आडवी टेकवून बघा. मागे टॉर्च धरला की कुठून उजेड येतो ते कळतं. मग गुण्या फेन्स आणि पात्याला लावा. पात्याला लावताना तो दोन दातांच्या मधे, सपाट पत्र्यावर टेकला पाहिजे. कार्बाइडचे दात पत्र्यापेक्षा रुंद असतात. गुण्या दातावर चढला की तुम्ही चुकीलाच काटकोन समजून बोल्ट आवळता. हे मी दोनदा केलंय.

फेन्सचे बोल्ट एकदम पक्के आवळू नका. शेवटचा पाव फेरा फेन्सला आपल्यासोबत ओढतो. आधी सगळे हलके लावा, मग एक इकडचा, एक तिकडचा असे आलटून पालटून आवळत जा आणि पूर्ण आवळल्यावर परत गुण्या लावा. काही मशीनमध्ये फेन्स पक्की असते आणि कोनपट्टीची प्लेट सरकते. तुमची कोणती ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या. फेन्स झाली की पात्याचा उभा काटकोन: गुण्या टेबलावर ठेवून बघायचा आणि मागच्या स्टॉप स्क्रूने जुळवायचा. सगळं जुळल्यावर शेवटी कोन दाखवणारा काटा ० वर आणायचा. काटा बघून पातं लावायचं नसतं, पातं लावून काटा बसवायचा असतो.

मग ४५ ची खाच, म्हणजे नेहमीच्या कोनांवर हँडल जिथे अडकतं त्यातली एक. खाचेत भुसा दाबून बसला की हँडल ‘टक’ करून बसल्यासारखं वाटतं, पण पूर्ण उतरलेलं नसतं. ब्रशने खाचा साफ करा. आणि खाचेत बसलं म्हणून लॉकची मूठ न आवळता कापू नका. खाचेतही थोडी ढिलाई असते.

खाचांबद्दल एक अवांतर. बऱ्याच मशीनवर ३०च्या शेजारी ३१.६ अंशाची एक खाच असते. छत आणि भिंतीच्या कोनात बसणारी तिरकी मोल्डिंग सपाट झोपवून कापण्यासाठी ती दिलेली असते, तेव्हा पातं ३३.९ अंशाला झुकवायचं असतं. षटकोनी चौकट कापताना हँडल हमखास तिच्यात जाऊन बसतं. बारा काप गुणिले १.६ अंश, म्हणजे १९ अंशांहून जास्त चूक. मग लोक लाकडाला शिव्या घालतात.

स्लायडिंग मशीन (जिचं हेड नळ्यांवर पुढे-मागे सरकतं ती) असेल तर काप ओढून नाही, ढकलून. पातं लाकडाला न टेकवता वरच धरून हेड पुढे ओढा, मग चालू करा, वेगात आलं की खाली घ्या आणि मागे फेन्सकडे ढकला. चालू पातं स्वतःकडे ओढलं तर ते लाकडावर चढून तुमच्या अंगावर येऊ शकतं. नळ्यांवर ढिलाई असेल तर हँडलला बाजूने दिलेला थोडा रेटाही कापात उतरतो, म्हणून मूठ हलकी धरा.

पातं

बोथट पातं सरळ जात नाही, मऊ वाट शोधत लचकतं. पातळ पातं जाड, कठीण लाकडात घाईने रेटलं तरी तेच. काप करपलेला दिसला, जळका वास आला, किंवा कापलेल्या टोकावर लोखंडी पट्टी टेकवल्यावर पोट आलेलं दिसलं तर पातं उतरवा. दातांवर चीक साचला असेल तर नुसत्या सफाईनेही बराच फरक पडतो. पुन्हा बसवताना दोन्ही फ्लँज (पात्याला दोन्हीकडून दाबणाऱ्या चकत्या) पुसून घ्या. तिथे अडकलेला एक कण पात्याच्या काठावर डगमग होऊन दिसतो. पात्याचा बोल्ट बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्याआधी बाण बघा.

चौकटी आणि मोल्डिंगसाठी २५४ मिलिमीटरच्या पात्याला ८० दात चांगले. दातांचा झुकाव शून्य किंवा मागे असलेला घ्या. पुढे झुकलेले दात लाकडात अधाशासारखे घुसतात आणि ते ओढतात, म्हणजे परत तीच सरकण्याची तक्रार. पात्यावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवा. मिनिटाला ५००० फेरे फिरणाऱ्या २५४ मिलिमीटरच्या पात्याचा दात सेकंदाला ६६ मीटर पळतो, म्हणजे ताशी जवळपास २४० किलोमीटर.

हात कुठे, तुकडा कुठे

पात्यापासून दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटरवर मी टेबलावर लाल रेघा मारल्यात. चालू मशीनवर हात त्यांच्या आत जात नाही. आत गेल्याशिवाय तुकडा धरता येत नसेल तर तो तुकडा हाताने कापायच्या लायकीचाच नाही, क्लॅम्प करा किंवा लांब पट्टीवरून कापून घ्या. उजव्या हाताने हँडल आणि पात्याच्या पलीकडचा तुकडा डाव्या हाताने, अशी कैची कधीच नको.

काप झाला की ट्रिगर सोडा, हेड खालीच ठेवा, पातं थांबलं की मग उचला. हे सांगायला सोपं आहे. एकदा मी काप झाल्या झाल्या हेड वर घेतलं. ४५चा छोटा त्रिकोणी तुकडा पात्याशेजारी मोकळा पडला होता, वर येणाऱ्या दातांनी त्याला उचललं आणि तो कानाजवळून मागच्या दारावर जाऊन आदळला. दारावर खळगा अजून आहे. त्या पट्टीचं टोकही दातांनी ओरबाडलं होतं, म्हणजे सांधा बिघडायचं आणखी एक कारण तिथेच सापडलं.

चष्मा, कानाला संरक्षण, भुशासाठी मास्क हवेच. सैल बाही, गळ्यातलं काही, आणि हो, हातमोजेही नकोत. पात्याने मोज्याचा धागा पकडला तर बोट त्याच्या मागे जातं. पातं झाकणारा गार्ड दोरीने बांधून ठेवलेली मशीन दिसली तर ती वापरायला घेऊ नका.

चौकट नंतर उघडली तर

काही वेळा सांधा ग्लू लावताना केसभरही उघडा नसतो आणि काही महिन्यांनी फट पडते. लाकूड वाळलं की रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे ४५चा कोन बारीक होतो आणि सांधा आतल्या बाजूने उघडतो. दमट हवेत फुगलं तर बाहेरच्या टोकाला उघडतो. पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. यासाठी मशीनचे बोल्ट सोडण्यात काही अर्थ नाही. लाकूड कापण्याआधी काही आठवडे ज्या हवेत चौकट राहणार आहे तिथे ठेवा, रुंद पट्टीऐवजी अरुंद घ्या, आणि सांध्यात आडवी खाच पाडून लाकडाची चकती किंवा पातळ पाचर घाला.